सर्दी, खोकला, छातीतला कफ: ग्वाल्हेरच्या थंडीत मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका मेडिकलच्या काउंटरवर मी २६ वर्षं उभी होते. आता रिटायर होऊन घरी बसलेय तरी दिवाळी आटोपली की फोन सुरू होतातच, काकू नाक वाहतंय काय घेऊ, वहिनी बाबांना रात्रभर खोकला होता, मावशी बाळाच्या छातीत घुरघुर वाजतंय. दर वर्षी तेच प्रश्न आणि घाईघाईत फोनवर दिलेली तीच उत्तरं, म्हणून यंदा सगळं एकदा नीट लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, त्यामुळे तपासणं आणि निदान करणं हे डॉक्टरांचंच काम. पण घरी कधीपर्यंत थांबायचं आणि कधी उठून पळायचं हे प्रत्येकाला कळायला हवं, आणि ते ना तापावरून कळतं ना कफाच्या रंगावरून, ते कळतं श्वासावरून. खाली हे परत परत येईल, कंटाळू नका.

सर्दी, फ्लू, ब्राँकायटिस, न्युमोनिया... यात फरक काय? सगळ्यात खोकलाच तर असतो.

खोकला असतो हो, पण आजार कुठे बसलाय ते वेगळं असतं. नाक, सायनस, घसा, स्वरयंत्र हा झाला श्वासमार्गाचा वरचा भाग. तिथली लागण म्हणजे साधी सर्दी, घसा दुखणं, आवाज बसणं. त्रास होतो पण जिवाला धोका सहसा नसतो. त्याखाली श्वासनलिका आणि तिच्या फांद्या, त्यांना सूज आली की ब्राँकायटिस, आणि अगदी टोकाला फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या, त्यात पाणी-पू भरला की न्युमोनिया. हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो तो याच पिशव्यांतून, म्हणून न्युमोनियात श्वास वाढतो.

फ्लू म्हणजे जोरदार सर्दी नाही, तो इन्फ्लुएन्झा व्हायरसचा वेगळा आजार. सर्दी हळूहळू चढते, आज घसा खवखवतो, उद्या नाक वाहतं. फ्लूत माणूस सकाळी ठीक असतो आणि संध्याकाळी अंथरुणात, एकदम ताप, अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, उठवत नाही. आपल्याकडे तो साधारण जानेवारी ते मार्च आणि मग पावसाळ्यात असा दोनदा जोर करतो. म्हातारी माणसं, गरोदर बायका, डायबिटिस, हृदयाचे किंवा दम्याचे पेशंट यांना फ्लू झालाय असं वाटलं तर वाट बघू नका, कारण त्यावर ऑसेल्टामिविर नावाचं औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग. ते लिहून देणार डॉक्टर, मेडिकलवाला नाही. कोविडही अजून अधूनमधून होतोच, दिसायला तो सर्दीसारखाच, म्हणून घरात नाजूक तब्येतीचं कोणी असेल तर टेस्ट करून घेतलेली बरी.

थंडी लागली म्हणून सर्दी झाली, बरोबर ना?

अर्धं बरोबर. सर्दी व्हायरसमुळे होते, थंडीतून व्हायरस तयार होत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत धुकं पडलं, पारा चार-पाचवर आला की आपण काय करतो, खिडक्या गच्च बंद, एका खोलीत सहाजण, एकच हीटर, आणि त्यातला एक शिंकतोय. शिवाय सर्दीचा जो सगळ्यात नेहमीचा व्हायरस आहे, राइनोव्हायरस, त्याला ३३ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणजे नेमकं आपल्या गार नाकाचं. त्यामुळे कानटोपी, मफलर घालाच, पण दुपारी ऊन आलं की खिडक्या तासभर उघडा. ही दुसरी गोष्ट कोणीच करत नाही.

कफ हिरवा पडतोय. आता अँटिबायोटिक लागणारच ना?

नाही. काउंटरवर हा प्रश्न मी हजारो वेळा ऐकला असेल. हिरवा-पिवळा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, त्या लढायला जमतात आणि त्यांच्यातल्या एका एन्झाइमचा रंगच हिरवट असतो. व्हायरसच्या साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा होतो, मग परत पातळ होतो. नुसत्या रंगावरून बॅक्टेरिया आहेत की व्हायरस हे कळत नाही.

सायनसचं तेच. अँटिबायोटिकचा विचार कधी करायचा, तर दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही, किंवा बरं वाटायला लागलं होतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी परत ताप, परत दुखणं असं उलटलं, किंवा सुरुवातीलाच १०२ च्या वर ताप आणि गालाचं हाड-कपाळ सलग तीन-चार दिवस ठणकतंय. मात्र कफात रक्त दिसलं तर रंगाबिंगाची चर्चा सोडा आणि दाखवून या.

मेडिकलवाल्याने अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्यात, घेऊन टाकू? मागच्या वेळी त्यानेच बरं वाटलं होतं.

मागच्या वेळी तुम्हाला चौथ्या दिवशी बरं वाटलं कारण सर्दी चौथ्या-पाचव्या दिवशी उतरायलाच लागते. गोळी न घेता पण वाटलं असतं. हे मी इतकं ठामपणे सांगते कारण सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः अशा स्ट्रिपा चिठ्ठीशिवाय काढून दिल्यात, गिऱ्हाईक घाईत असायचं, मालक म्हणायचे दे टाक, आणि मी द्यायचे. चूक होती ती, माझी होती. नंतर नंतर तीच माणसं परत यायची आणि म्हणायची हे आता लागू होत नाही, जास्त पॉवरचं द्या, तेव्हा मला आतून हललं.

व्हायरसवर अँटिबायोटिक काहीही करत नाही. जुलाब, पोटदुखी होते, अंगावर पुरळ उठतं, आणि शरीरातले बॅक्टेरिया त्या औषधाला सरावतात. मग खरोखरचा न्युमोनिया होतो तेव्हा साधं स्वस्त औषध चालत नाही. स्ट्रिपच्या बाजूला उभी लाल रेघ दिसते ना, तिचा अर्थच हा की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर मात्र सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, बरं वाटलं म्हणून उरलेल्या दोन गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायच्या नाहीत.

श्वास मोजायचा म्हणजे कसा?

मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा. पेशंट शांत बसलेला किंवा झोपलेला हवा, बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबा. स्वेटर वर करा आणि पोट-छाती बघा, एकदा वर-खाली झालं की एक. पूर्ण ६० सेकंद मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो, आकडा चुकतो.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे जलद श्वास समजायचे आणि त्याच दिवशी डॉक्टर. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत, आशाताईंनाही हेच शिकवतात. मोठ्या माणसाचा श्वास आरामात १२ ते २० असतो, पंचविशीला पोचला की दाखवा, तीस किंवा वर गेला की सरळ हॉस्पिटल.

आकड्याबरोबर आणखी बघायचं: श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का, बाळ कण्हतंय का, दूध ओढताना मध्येच सोडून धाप टाकतंय का, ओठ-जीभ निळसर दिसतायत का. यातलं काहीही असेल तर मोजत पण बसू नका, निघा. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला, १००.४ किंवा वर, तरीसुद्धा लगेच दाखवायचं, बाकी काही दिसत नसलं तरी.

माझ्या सासूबाईंचं सांगते. ७८ वर्षांच्या होत्या, जानेवारी होता, धुकं इतकं की समोरच्या वाड्याचं दार दिसत नव्हतं. थोडा खोकला होता, ताप नव्हता. जेवण कमी झालं, दुसऱ्या दिवशी मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारायला लागल्या, आम्ही म्हटलं थंडीने गारठल्यात, वयही झालंय. मी दुकानातून खोकल्याचं औषध आणून देत होते, मी, जी सगळ्या गल्लीला सल्ले द्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्यांच्या शालीकडे लक्ष गेलं, ती फार भरभर हलत होती. मोजला तर ३४. दोन्ही बाजूंना न्युमोनिया निघाला. नऊ दिवस ॲडमिट होत्या, बऱ्या होऊन घरी आल्या, पण ते दोन दिवस मी हातचे घालवले हे मला आजही बोचतं. म्हाताऱ्या माणसांना न्युमोनियात ताप येतोच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण तोडणं, पडणं, नुसतं झोपून राहणं, हीच लक्षणं असतात कित्येकदा. म्हणून घरात आजी-आजोबा असतील तर खोकल्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ श्वास मोजाच, दोन मिनिटांचं काम आहे.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर आहे, तो चालेल का?

चालेल, पण श्वास मोजण्याऐवजी नाही, त्याच्या जोडीला. आपल्याकडच्या थंडीत बोटं बर्फासारखी असतात आणि मशीन खोटा कमी आकडा दाखवतं, म्हणून आधी हात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या. ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टर, ९० च्या खाली म्हणजे इमर्जन्सी. जुना सीओपीडी (फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असलेल्यांचा नेहमीचाच आकडा कमी असतो, त्यांनी आपला आकडा डॉक्टरांना विचारून ठेवावा.

बाळाला कफ सिरप कुठलं देऊ?

कुठलंच नको. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आतही शक्यतो नाही, केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये असंच सांगितलंय. आपल्याच मध्य प्रदेशात छिंदवाड्याला त्याच सुमारास काय झालं ते आठवा, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, मुलांच्या किडन्या बंद पडल्या, वीसहून जास्त लेकरं गेली. साध्या खोकल्यासाठी आणलेलं औषध होतं ते. मला तेव्हा कितीतरी दिवस नीट झोप लागली नाही, अशा बाटल्या मी आयुष्यभर विकल्यात.

आणि मुख्य म्हणजे त्या सिरपांचा लहान मुलांना फायदा होतो असं दिसतही नाही. त्याऐवजी नाकात सलाइनचे थेंब, दूध पाजायच्या आधी आणि झोपायच्या आधी. अंगावरचं दूध चालू ठेवा, थोडं थोडं पण वरचेवर. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध, त्याने रात्रीचा खोकला खरंच हलका होतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटावर चाटवायचा पण नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, मग आजी कितीही म्हणोत की आमच्या वेळी द्यायचे.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, सहा-सहा तासांनी. बाटली बघून द्या कारण १२५ आणि २५० अशी दोन ताकदीची येतात आणि चमचा तोच असतो, ही चूक मी फार घरांत बघितलीये. मुलांना ॲस्पिरिन नाही. निमेसुलाइड तर १२ वर्षांखाली २०११ पासून बंदच आहे, जुन्या चिठ्ठीवर असलं तरी देऊ नका.

नर्सरीत घातल्यापासून लेक दर महिन्याला आजारी. प्रतिकारशक्ती कमी आहे का?

बहुतेक नाही. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नॉर्मल आहे, आणि एकेक दहा दिवस चालते, म्हणजे थंडीचे चार महिने नाक वाहतंय असंच वाटणार. राइनोव्हायरसच्याच शंभराहून जास्त जाती आहेत, एक झाली की दुसरीची ओळख नसते. मूल मध्ये मध्ये पूर्ण बरं होतंय, वजन वाढतंय, खेळतंय, तर काळजी नको. वजन वाढत नाहीये, वर्षात दोनदा न्युमोनिया झालाय, किंवा दर सर्दीत छातीतून शिट्टी वाजते, तर मात्र मुलांच्या डॉक्टरांकडे नीट तपासून घ्या, शिट्टीवाल्यांत कित्येकदा दमा निघतो.

घसा इतका दुखतोय की थुंकी गिळवत नाही. गुळण्या पुरतील?

बहुतेकदा पुरतील. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार वेळा, आणि पॅरासिटामॉल. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलाला ताप आहे, खोकला-सर्दी अजिबात नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी, तर तो स्ट्रेप्टोकॉकस बॅक्टेरिया असू शकतो. इथे अँटिबायोटिक खरंच लागतं, पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, सहसा पूर्ण दहा दिवस. अर्धवट सोडलं तर काही मुलांत पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात, आपल्या देशात हे अजून होतं. म्हणजे मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही, जिथे लागतं तिथे पूर्ण घ्या एवढंच. तोंड उघडता येत नाही, लाळ गळतेय, श्वास घेताना घशातून आवाज येतोय, असं असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल.

ताप गेला, पण खोकला पंधरा दिवस झाले जात नाहीये.

ब्राँकायटिसनंतरचा खोकला अडीच-तीन आठवडे रेंगाळतो, नळ्यांची सूज उतरायला तेवढा वेळ लागतो. तो हळूहळू कमी होत असेल तर धीर धरा.

पण दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायचीच, हा नियम आपल्याकडे टीबीमुळे आहे. "आमच्यात कोणाला टीबी नाही" असं म्हणून लोक महिने घालवतात. तो हवेतून पसरतो, घराणं बघत नाही. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, उपचार चालू असताना जेवणखाणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, हेल्पलाइन १८००-११-६६६६. संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, कफात रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडे पण थांबू नका. दगडाच्या खाणीत किंवा क्रशरवर काम केलेल्यांनी तर नक्कीच, त्या धुळीने सिलिकोसिस होतो, म्हणजे फुफ्फुसं कडक होतात, आणि अशा फुफ्फुसात टीबी लवकर घर करतो. बीपीची गोळी नवीन सुरू झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो.

काढा, हळदीचं दूध, वाफ?

काढा आणि हळदीचं दूध बरं वाटत असेल तर खुशाल घ्या, गरम पातळ पोटात गेल्याने घशाला आराम पडतो. व्हायरस त्याने मरत नाही. फार तिखट काढा करून ॲसिडिटी मात्र वाढवून घेऊ नका.

वाफ मोठ्यांनी साध्या पाण्याची घ्यावी, पातेलं मांडीवर किंवा पलंगावर नको. मुलांना वाफ नकोच, उकळतं पातेलं सांडून भाजलेली मुलं बघितलीत मी, सर्दी पाच दिवसांत गेली असती, व्रण राहिले.

आणि सिगडी. बंद खोलीत कोळशाची सिगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं घेऊन झोपू नका. धुराने खोकला वाढतो हा एक भाग, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो, दर थंडीत आपल्या भागात अशा बातम्या येतात. शेकायचं तर अंगणात शेका आणि विझवून आत या.

नाक चोंदतं, थेंब टाकल्याशिवाय झोपच येत नाही. रोज टाकू?

झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे औषध उतरलं की नाक आणखी जास्त चोंदतं, मग माणूस परत थेंब टाकतो, वर्षानुवर्षं बाटली खिशात घेऊन फिरणारे लोक आहेत. सलाइनचे थेंब कितीही दिवस चालतात. बीपीवाल्यांनी सर्दीच्या मिक्स गोळ्या विचारूनच घ्याव्या, त्यातल्या फिनाइलेफ्रिनने बीपी चढतं. त्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल पण असतं, म्हणजे वरून वेगळी तापाची गोळी घेतली की डबल डोस. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही, दारू पिणाऱ्याला किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याला त्याहून कमी.

लशी घ्यायच्या का?

हो. बाळांची न्युमोकॉकलची लस सरकारी लसीकरणात फुकट आहे, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना, कार्ड काढून बघा राहिलीये का. फ्लूची दर वर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस रूप बदलतो, ती पैसे देऊन मिळते, मी थंडीच्या आधी ऑक्टोबरात घेते. गरोदर बायकांनी, साठी ओलांडलेल्यांनी, डायबिटिस-हृदय-दमावाल्यांनी डॉक्टरांशी बोलून दोन्ही लशींचं ठरवावं. आणि घरात विडी-सिगरेट चालू असेल तर लशीबरोबर तीही बंद करा, धूर खोलीतल्या मुलाच्या छातीत पण जातो.

सर्दी आहे, मुलाला ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात नेऊ का? शाळेत कधी पाठवू?

मेळ्याचा मोह मला कळतो, १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला मेळा, आमची लहानपणं तिथेच गेली. पण ताप असताना नका नेऊ, फ्लू तर लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस पसरतो. औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि मूल खातंय-खेळतंय, तर शाळा चालेल. नुसता थोडा खोकला उरलाय म्हणून घरी बसवायची गरज नाही. कोपरात शिंकायला आणि साबणाने वीस सेकंद हात धुवायला शिकवा.

रात्री दोन वाजता श्वास वाढला तर काय करायचं?

१०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्याची गाडी काढा, सकाळची वाट बघू नका. ग्वाल्हेरात मोठ्यांना जयारोग्य हॉस्पिटलला, मुलांना कमलाराजा हॉस्पिटलला, किंवा तुमच्या जवळ रात्री ऑक्सिजन आणि डॉक्टर दोन्ही असलेलं जे हॉस्पिटल असेल तिथे, ते कुठलं हे आजच चौकशी करून ठेवा. पेशंटला आडवं झोपवू नका, उशा लावून बसतं ठेवा. दम्याचा पंप असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या आणि बरोबर घ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत टाका. आणि एका कागदावर लिहा: ताप कधीपासून, शेवटचं पॅरासिटामॉल किती वाजता, कुठल्या औषधाची ॲलर्जी, लघवी शेवटची कधी झाली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, मिनिटाला श्वास किती आणि तो किती वाजता मोजला.